खडूची खूण

गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत माझं काम
ओतीव लोखंडातली भेग शोधायचं.
आधी डोळा, मग बोट, मग ते तांबडं द्रावण
जे केसाएवढ्या चिरेतूनही पाझरून वर येतं.
चांगल्या नगावर पांढऱ्या खडूची खूण.
दिवसाला दोनशे चाळीस नग.
चूक झाली तर पुण्याहून फोन येतो.

मग राजारामपुरीतलं
इंदुमती चौगुल्यांचं पाळणाघर
मी कसं बघितलं असेल, सांगा.
खिडकीचे गज मोजले. मधे चार बोटं.
शेगडी कुठं, दाराची कडी किती उंच,
न्हाणीतली बादली भरलेली की पालथी.
पालथी होती.
उकळलेल्या वाट्यांचा वास, फिनेलचा वास,
त्याखाली कुठंतरी आंबलेल्या दुधाचा.
सात बाळं, दोन बायका.
सात भागिले दोन मी तीनदा करून बघितलं.
दरवेळी अर्धं मूल उरलं.

संध्याकाळी साडेसहाला दाराशी आम्ही सगळ्या
चपला न काढता उभ्या.
बँकेतली तहसीन म्हणते, कॅमेरा पाहिजेच.
आधीच्या ठिकाणी होता तिच्या.
ड्रॉवरमध्ये फोन ठेवून बघायची, नोटा मोजता मोजता.
एकदा चित्र अडकलं:
लेकराचं तोंड उघडं, हात वर,
बावीस मिनिटं तसंच.
त्या दिवशी कॅश जुळली नाही.
सीपीआरमधली नर्स वैजयंता म्हणते,
दुसऱ्यांची पोरं मीच सांभाळते की रात्रपाळीला,
तेव्हा मला कोण बघतं?
मालगाव्यांची सून काहीच म्हणत नाही.
बाळ घेते, आधी त्याची टाळू हुंगते,
मग माणसात येते.

जाऊ म्हणाली, "एवढं काय अडलंय पगारावाचून?"
मी घराचा हप्ता सांगितला.
ते काम मला आवडतं, हे सांगितलं नाही.

एका मंगळवारी अंघोळ घालताना
साजिरीच्या मनगटावर लाल वळं दिसलं.
बारीक, पूर्ण गोल.
बोट फिरवलं. आठ महिन्यांची ती, हसली.
त्या रात्री त्या वळ्यावर मी
एकेकीचा हात बसवून बघितला:
चौगुलेबाईंचा, त्यांच्या मदतनीस पारूचा,
मग सुतळीचा, पाळण्याच्या कडेचा.
नवरा म्हणाला, "डास चावला असंल."
"गोल?"
तो कुशीवर वळला.

बुधवारी रजा टाकली. शब्द तयार करूनच
दारात उभी राहिले.
चौगुलेबाई म्हणाल्या,
"पिशवीचा बारका कप्पा बघितला न्हाईसा व्हय?"

कप्प्यात, वर्तमानपत्राच्या तुकड्यात,
कात्रीनं कापलेला काळा दोरा.
मीच बांधलेला. पाळणाघरात जाणार, परकी नजर लागेल,
म्हणून दोन गाठी मारून.
मनगट भरत गेलं, दोरा तेवढाच राहिला.
"हात सुजाय लागला व्हता. फोन केला तुमास्नी, लागला न्हाई."
फोन फौंड्रीत लॉकरमध्ये असतो.

दोनशे चाळीस नग बघणारी मी,
नसलेला दोरा मला दिसला नव्हता.

माफी मागायची राहून गेली.
आणि दुसऱ्या संध्याकाळी परत मी
तिथंच, ट्यूबच्या उजेडात, त्यांच्यासमोर
साजिरीची बाही वर केली. काखा, मांड्या, मानेच्या वळ्या.
लाज वाटली. थांबले नाही.
"बघा की," त्या वाट्या पुसत म्हणाल्या,
"बघनारी आई असली म्हंजे मीबी जागी ऱ्हाते."

रिक्षात लक्षात आलं,
तिच्या गालावर पांढरं बोट उमटलंय.
माझंच. हात धुतले होते तरी.
पदर ओला करून पुसायला घेतलं
तेवढ्यात तिनं ते बोट धरलं
आणि खडूसकट तोंडात घातलं.